रक्तातलं शिसं

नंदिनीने गावातल्या एकेचाळीस घरांना शब्द दिला होता. तो विद्यापीठाच्या कागदावर छापलेला होता, पण निम्म्याहून जास्त बायांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक ओसरीवर बसून तिने तो तोंडाने सांगितला होता. रक्त घेऊ, तपासू, आणि जे निघेल ते तुम्हाला सांगू. बाया एकमेकींकडे पाहत राहिल्या, तेव्हा नंदिनीची आई बायाबाई पुढे झाली. मासळीचा हात पदराला पुसून तिने सगळ्यांच्या आधी अंगठा उमटवला.

"माही पोट्टी लबाड नाई बोलत," ती म्हणाली. मग बाकीच्यांनी अंगठे दिले.

गाव पवनीच्या पुढे, वैनगंगेच्या काठाला. वस्ती ढिवरांची. पुरुष नदीत जाळं टाकतात, बाया पवनीच्या बाजारात मासळी विकतात. नदीला मिळणाऱ्या नाल्याच्या वरच्या अंगाला एक कारखाना उभा राहिला, तेव्हापासून वर्षातून दोन-तीनदा नाल्याला काळं पाणी यायचं आणि सकाळी काठाला मासे पोट वर करून तरंगायचे. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष जागेश्वर पंधरा वर्षं त्याविरुद्ध अर्ज करत होते. नात्याने ते नंदिनीचे काका लागायचे. अर्जांच्या पोचपावत्यांनी त्यांची एक पत्र्याची पेटी भरली होती, आणि त्या पेटीपलीकडे काही झालं नव्हतं.

मग दोन वर्षांपूर्वी नागपूरहून विद्यापीठाची माणसं आली. एकाच प्रकल्पात तीन विभाग होते. कायदा विभागाच्या साधना मॅडम स्वच्छ पाणी आणि रोजगार हा माणसाचा हक्क म्हणून मानवी हक्क आयोगापुढे कसा मांडता येईल ते पाहणार होत्या. विज्ञानाकडून प्रफुल्ल सर पाणी, मासळी आणि रक्त तपासणार होते. आणि ही माणसं जगतात कशी, खातात काय, कामं कोणती करतात, हे समाजशास्त्राने लिहायचं होतं. ते काम नंदिनीकडे आलं. ती त्याच गावची, पीएचडी करणारी. तिच्याहून बरं कोण मिळणार होतं?

पहिल्या चाचणीत आठ जणांचं रक्त घेतलं. सगळ्यांच्या रक्तात शिसं सापडलं, काहींच्या तर फार. बातमी पेपरात आली. जागेश्वरकाकांनी ते कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलं आणि जो भेटेल त्याला दाखवलं. साधना मॅडमनी मानवी हक्क आयोगाकडे अर्ज केला: कारखान्याच्या पाण्यामुळे मासे मरतात आणि माणसांच्या शरीरात शिसं जातं. सुनावणी डिसेंबरात नागपूरला लागली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा गावाला वाटलं, आपलं कोणीतरी ऐकून घेणार.

त्यानंतर सगळ्या गावाचं रक्त घेतलं, आणि त्याचा अहवाल नोव्हेंबरात एका सोमवारी आला.

प्रफुल्ल सरांनी नंदिनीला खोलीत बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. सर अबोल माणूस. आकडा दोनदा मोजल्याशिवाय ते चहासुद्धा पीत नाहीत, असं विभागात चेष्टेने म्हणायचे.

"पाण्यात शिसं जवळजवळ नाही," ते म्हणाले. "मासळीत आहे, पण मर्यादेच्या आत. पाण्यात दुसरी घाण भरपूर आहे, मासे तिच्यानेच मरतात, त्याबद्दल मला शंका नाही. पण हे शिसं नाल्यातून आलेलं नाही."

"मग कुठून आलं?"

"तेच तुला विचारायचंय." त्यांनी दुसरा कागद तिच्याकडे सरकवला. नावं नव्हती, घरांचे क्रमांक आणि प्रत्येकाचं वय होतं. "नऊ घरांत फार जास्त आहे. पंधरा-वीस घरांत मध्यम. काही घरांत अगदी थोडं. मासळी सगळेच खातात, पाणी एकाच विहिरीचं. या नऊ घरांत असं काय होतं, जे बाकीच्यांत होत नाही?"

क्रमांक नंदिनीनेच दिले होते. सतरा नंबर तिचं स्वतःचं घर. सतरा नंबरच्या पुढे पाच आकडे होते आणि ते यादीतले सगळ्यांत मोठे होते. बाबांचा अठ्ठेचाळीस. पाचच्या आत असायला हवा तो. आईचा तेवीस. भाऊ लिलाधरचा एकोणतीस. वहिनी राखीचा एकतीस, आणि राखीला पाचवा महिना लागला होता. शेवटचा आकडा राखीच्या चार वर्षांच्या मुलीचा, गुड्डीचा. एकेचाळीस.

नंदिनीला उत्तर शोधावं लागलं नाही. ते तिच्यासमोर लहानपणापासून मांडलेलं होतं. ओसरीच्या कडेला चूल, चुलीवर लोखंडी कढई, कढईत जुन्या बॅटऱ्यांतून काढलेल्या शिशाच्या पट्ट्या, आणि बाबा पळीने ते चकचकीत पातळ शिसं साच्यात ओतताहेत. फेकजाळं पाण्यात बुडायला त्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या लागतात. तिचे वडील फकिरा सगळ्या गावासाठी गोळ्या पाडायचे, शेजारच्या कोंढ्याकडचे लोकही त्यांच्याकडून न्यायचे. बाकीची आठ घरं नेहमी जाळी बांधणाऱ्यांची. बाया गोळी दोरीत ओवायच्या आणि दाताने दाबून घट्ट करायच्या. नंदिनीनेही लहानपणी हजारो दाबल्या होत्या. गोळीची चव गोडसर असायची.

ती गप्प राहू शकली असती. सरांना काही कळलं नसतं, निदान लगेच नाही. पण तिने सांगितलं.

सरांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "चुलीतली राख आणून दे. आणि रक्ताचे नमुने मी दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवतो. सहा आठवडे लागतील. तोवर कोणाला काही सांगायचं नाही. विद्यापीठाच्या नीतिसमितीचा नियम आहे, खात्री झाल्यावर डॉक्टरांच्या मार्फतच सांगायचं. एक चुकीचा आकडा माणसाचं आयुष्य उलटंपालटं करतो, नंदिनी."

"आणि बरोबर असला तर? सहा आठवडे ते रोज वितळवतील, सर. वहिनीला पाचवा महिना आहे."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. नियम वाईट हेतूने केलेला नव्हता हे तिलाही माहीत होतं.

खोलीबाहेर येऊन तिने साधना मॅडमना फोन केला. मॅडमनी सगळं ऐकलं.

"आपल्या अर्जात शिसं पहिल्या पानावर आहे," मॅडम म्हणाल्या. "दोन आठवड्यांवर सुनावणी आहे. हे बाहेर गेलं तर कारखान्याचा वकील म्हणेल, हे लोक स्वतःच स्वतःला विष घालतात आणि आमच्या नावाने ओरडतात. काळ्या पाण्याचा मुद्दासुद्धा त्यात बुडेल. फक्त सुनावणीपर्यंत थांबता येईल का तुला?"

"मॅडम, तुम्हीच शिकवलं होतंत ना, की स्वतःच्या शरीराबद्दल कळणं हासुद्धा हक्क आहे?"

"हो," साधना मॅडम म्हणाल्या. "शिकवलं होतं." आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नंदिनी पवनीला बसमधून उतरली. शेतांत धानाची कापणी सुरू होती, रस्त्यावर पेंढ्यांच्या बैलगाड्या होत्या. ती ऑटोने गावात पोचली तेव्हा ओसरीवर बाबा चुलीपुढे उकिडवे बसले होते. कढईवर धुराचा पातळ निळसर पदर होता. गुड्डी त्यांच्या शेजारी मांडी घालून थंड झालेल्या गोळ्या डब्यात टाकत होती. एक डब्यात, एक तोंडात.

नंदिनीने बॅग तिथेच टाकली आणि गुड्डीच्या तोंडात बोट घालून गोळी काढली. पोरगी भोकाड पसरून रडू लागली.

"काहून व, काय झालं?" फकिरा दचकला. "घशात गेली का?"

"बाबा, हे बंद करा. आत्ताच."

"आता पातळ झालं आहे. थंडं झालं तं पुन्हा तापवा लागते."

"होऊ द्या थंडं."

फकिराने मुलीकडे पाहिलं. ही पोरगी कधी असं बोलत नसे. त्याने चुलीतली लाकडं मागे ओढली, पण हसतच. "शहरातून आली का तिले सारंच खराब दिसते," तो बायकोला म्हणाला.

नंदिनीने ठरवलं होतं की आधी राखीला सांगायचं. शरीर तिचं, पोट तिचं. परसात राखी भांडी घासत होती, तिथेच नंदिनी तिच्याशेजारी खाली बसली आणि तिने आकडे सांगितले. कशामुळे, तेही सांगितलं. राखीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"पोटातल्या लेकराले जाते का ते?"

"जाते, वयनी."

"आन गुड्डी? ते बोलत नाई, त्यानंच का?"

गुड्डी चार वर्षांची झाली तरी दोन शब्दांच्या पुढे जात नव्हती. बोलेल उशिरा, तिचा बापही उशिरा बोलला होता, असं घरात म्हणायचे.

"त्यानंच असेल असं नाई सांगता येत. पण असू शकते."

राखीने मान वर केली आणि तिच्या डोळ्यांत रडणं नव्हतं, राग होता.

"बाई, तुमी तीन महिने माह्या घरी बसून लिवत होत्या. आमी काय खातो, किती वाजता उठतो, पाणी कुठून आणतो, नवरा मारते का नाई मारत. तीन वह्या भरल्या तुमी. मी तुमच्यासमोर बसून हे गोळ्या दातानं दाबल्या. ते नाई दिसलं तुमाले?"

वह्यांत तिने लिहिलं होतं, 'फावल्या वेळेत स्त्रिया जाळी बांधतात.' तेवढंच. दुसऱ्या गावची कोणी असती तर तिने विचारलं असतं, या गोळ्या कशाच्या, कुठे पाडता, तोंडात का घेता. नंदिनीला विचारावंसं वाटलं नव्हतं, कारण तिला सगळं माहीत होतं.

"नाई दिसलं," ती म्हणाली.

राखीने पातेलं खाली ठेवलं, ओसरीवर गेली आणि गोळ्यांचा डबा उचलून अंगणात फेकला. गोळ्या चारीकडे उधळल्या. फकिरा उठून उभा राहिला. सासऱ्यासमोर कधी पदर न ढळू देणारी सून, ती त्याच्यासमोर उभी होती.

"विचारा तुमच्या पोरीले," ती म्हणाली. "विचारा, माह्या लेकराच्या रक्तात काय हाय ते."

मग नंदिनीला अंगणातच सगळं सांगावं लागलं. बायाबाई उंबरठ्यात खाली बसली. लिलाधर नदीवरून आला होता, तो ओलं जाळं खांद्यावर घेऊन ऐकत राहिला. फकिराने मध्ये एकदाच विचारलं, "कागद दाखव." तिने कागद दिला. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने तो उलटा धरला होता आणि तरीही तो त्यावर बोट फिरवत राहिला.

"हे बोट कुठं हाय, ते काय लिवलं हाय?"

"ते दुसऱ्याचं, बाबा. हे तुमचं. आणि हे गुड्डीचं."

"माह्या बापानं शिकवलं हे मले," फकिरा म्हणाला. "त्याले काई नाई झालं."

फकिराचा बाप पन्नाशीत हातपाय लुळे पडून गेला होता. करणी झाली असं तेव्हा गावाने ठरवलं होतं.

संध्याकाळच्या आत जागेश्वरकाका आले. भिंतीला भिंत लागलेल्या गावात बातमीला किती वेळ लागतो? ते ओसरीवर बसले, पाण्याचा पेला बाजूला सारला आणि थेट नंदिनीला म्हणाले, "कोणाकोणाले सांगतलं?"

"घरातच. उद्यापासून घरोघर सांगणार आहे."

"दोन आठवडे थांब."

"काका..."

"आयकून घे. पंधरा वर्षं मी अर्ज करून राहिलो. तहसीलले गेलो, भंडाऱ्याले गेलो. साहेब लोकांनी उभं नाई केलं मले. थो कारखानेवाला हासे माह्यावर. आता कुठं तुमचं विद्यापीठ आलं, मोठेमोठे कागद झाले, तं काय निघालं? का आमीच आमाले मारलं! हे त्याच्या वकिलाले सांगाले चालली का तू?" त्यांनी खिशातलं कात्रण काढून ओसरीवर ठेवलं. "दोन आठवडे, नंदिनी. पंधरा वर्षाच्या मांगं दोन आठवडे."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. हेच नंदिनीला सहन होत नव्हतं. काळं पाणी खरं होतं. मेलेले मासे तिने स्वतः मोजले होते. तिने फकिराकडे पाहिलं, तो काही बोलेल म्हणून. फकिरा खाली मान घालून बसला होता.

"तुमच्याकडे तयार जाळी येतात, काका," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या घरचे आकडे कमी आहेत. तुमची सून पोटुशी असती तर तुम्ही दोन आठवडे थांबला असता का?"

जागेश्वर उठले. जाताना त्यांनी फकिराच्या खांद्याला हात लावला नाही, जो ते दरवेळी लावायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदिनी निघाली तेव्हा बायाबाईने बाजाराची टोपली भिंतीला टेकवून ठेवली आणि चपला घातल्या.

"तू कुठं, माय?"

"अंगठा पयला मी देल्ला होता. माह्या तोंडाकडं पाहून त्याईनं देल्ला. मंग मले नाई का जावं लागन?"

दोन दिवसांत दोघी उरलेली चाळीस घरं फिरल्या. जिथे आकडे मोठे होते तिथे नंदिनी आधी बाईला एकटीला सांगायची. मग तपासणीला कुठे जायचं, लेकरांना काय खाऊ घालायचं, घर कोरडं न झाडता ओल्या फडक्याने कसं पुसायचं, हे बायाबाई आपल्या भाषेत समजावायची. काहींनी ऐकलं. एकीने गोळ्यांची थैली तिथेच नंदिनीच्या हातात दिली. शकुनबाईने मात्र दार लावून घेतलं. तिचा पहिला मुलगा जन्मून आठव्या दिवशी गेला होता, आणि दाराआडून ती ओरडून म्हणाली, "आता कायले सांगून राहिली? आता सांगून काय होते?"

बायाबाई त्या दारापुढे बराच वेळ उभी राहिली. मग पुढच्या घराकडे वळली.

फकिरा त्या दोन दिवसांत कोणाशी बोलला नाही. त्याने चूल पाडली, तिची माती आणि आजूबाजूची जमीन हातभर खोल खणून पोत्यांत भरली. थोडी राख त्याने एका डबीत घातली आणि डबी नंदिनीच्या बॅगेत ठेवली. तिने मागितली नव्हती. राख तपासायला हवी हे ती लिलाधरजवळ बोलली होती, त्याच्याकडून त्याला कळलं होतं. गुड्डी जवळ आली की तो उठून दुसरीकडे जाऊन बसायचा.

विद्यापीठात परतल्यावर नंदिनीने प्रफुल्ल सरांना आपण काय केलं ते सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. नीतिसमितीला कळवणं त्यांना भाग होतं आणि त्यांनी ते कळवलं. तिला लेखी खुलासा मागितला गेला. साधना मॅडमनी मात्र त्याच आठवड्यात अर्ज दुरुस्त केला आणि शिशाचा मुद्दा काढून टाकला. "मला हे आधीच करायला हवं होतं," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "पण आता आपण फार अशक्त झालोत, हे लक्षात ठेव."

सुनावणीला गावातून अकरा माणसं गेली. फकिराला कोणी बोलावलं नव्हतं. तो स्वच्छ सदरा घालून गाडीत येऊन बसला, आणि कोणी उठवलं नाही म्हणून बसून राहिला.

व्हायचं तेच झालं; गावातली बातमी कारखान्यापर्यंत पोचली होती. कारखान्याच्या वकिलाने पेपरातलं कात्रण वर धरलं. गंभीर आवाजात, अगदी सभ्यपणे तो म्हणाला, "याच अर्जदारांनी सहा महिन्यांपूर्वी शिसं आमच्या पाण्यातून आलं असं साऱ्या जगाला सांगितलं. आज तो मुद्दा गुपचूप काढला. कारण शिसं त्यांच्या स्वतःच्या घरात तयार होतं. पहिला आरोप खोटा निघाला, तर दुसऱ्यावर विश्वास का ठेवायचा?"

जागेश्वरांनी डोळे मिटले. साधना मॅडम उठून उत्तर देऊ लागल्या, पाण्याचे अहवाल दाखवू लागल्या, पण खोलीतलं वारं फिरलं होतं. नंदिनीला वाटलं, आपण आता उठून बाहेर जावं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून फकिरा उभा राहिला. शिपायाने त्याला बसायची खूण केली. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी विचारलं, "हे कोण?"

"मी फकिरा, बाईसाहेब. शिसं माह्या चुलीतलं होय."

वकिलाने हातातलं कात्रण खाली ठेवलं.

"थो वकील साहेब खरं बोलून राहिला. बॅटऱ्या मी फोडल्या. गोळ्या मी पाडल्या. माह्या नातीच्या रक्तात माह्याच हातानं गेलं. माहीत नोयतं, पण गेलं. हे लिवून घ्या." त्याने बाकाची कड घट्ट धरली होती. "पण मासे मी नाई मारले. थे काळं पाणी माह्या चुलीतून नाई आलं. माहं मी कबूल केलं, आता त्याईचं त्याईनं कराव. हे बी लिवून घ्या."

अधिकारी बाईंनी लेखनिकाकडे पाहिलं. लेखनिकाने दोन्ही लिहून घेतलं.

निकाल त्या दिवशी लागला नाही. पुढच्या पावसाळ्यात, काळं पाणी येईल तेव्हा, दोन्ही पक्षांच्या समोर पाण्याचे नमुने घ्यावेत असा आदेश झाला. साधना मॅडम म्हणाल्या की अर्ज फेटाळला गेला नाही हीच मोठी गोष्ट आहे. गावकऱ्यांना ती मोठी वाटली नाही. परतीच्या गाडीत जागेश्वर पुढे बसले, फकिरा मागे. भिवापूरला चहाला उतरले तेव्हा जागेश्वर त्याच्याजवळ आले आणि दुसरीकडे पाहत म्हणाले, "आदी मले सांगतलं असतं तं."

"आदी मलेच कुठं ठाव होतं?" फकिरा म्हणाला.

त्यापुढे त्यांचं बोलणं झालं नाही. अजूनही फारसं होत नाही.

जानेवारीत दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. आकडे तेच होते, एक-दोनाचा फरक. नीतिसमितीने नंदिनीला लेखी ताकीद देऊन प्रकरण मिटवलं. प्रफुल्ल सरांनी तिला बोलावून सांगितलं, की आपण नियमाप्रमाणे वागलो याची आपल्याला लाज वाटत नाही, पण झोपही लागत नाही. एवढं वैयक्तिक त्यांच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकलं. गावात काहींनी जाळ्यांना लोखंडी कड्या लावल्या. त्या गंजतात आणि जाळं नीट पसरत नाही अशी कुरकुर सुरू झाली. दोन घरांत गोळ्या पुन्हा पाडल्या जातात असं नंदिनीच्या कानावर आलं आहे. ती त्या घरांत पुन्हा जाऊन आली. पुन्हा जाईल.

गुड्डीला लिलाधर दर महिन्याला नागपूरला दाखवायला नेतो. तिचा आकडा अठ्ठावीसवर आला. ती आता तीन शब्द जोडून बोलते, पण हे औषधपाण्याने की वयाने, हे डॉक्टरही सांगत नाहीत.

मार्चच्या शेवटी राखी बाळंत झाली. मुलगा झाला, वजन दोन किलोच्या थोडं वर. नाळेचं रक्त तपासायला दिलं. आकडा यायला दहा दिवस होते. नंदिनी दवाखान्यात पोचली तेव्हा फकिरा वार्डाबाहेर बाकावर बसला होता.

"आत नाई गेले, बाबा?"

"गेल्तो." त्याने सरकून तिला बाकावर जागा करून दिली. "नंदिनी, आता तं बंद केलं ना आपण. मंग हे अंगातून कवा जाते?"

"रक्तातलं काही महिन्यांत कमी होते."

"सारं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "हाडात बसलेलं राहते, बाबा. वीस-पंचवीस वर्षं."

फकिराने मान हलवली. मनातल्या मनात त्याने वर्षं मोजली असावीत, स्वतःची नव्हे, नातवंडांची. मग तो उठून नळावर गेला आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन आला. नंदिनीला आईने फोनवर सांगितलं होतं, सकाळपासून तो तीनदा हात धुऊन आला होता. ही चौथी खेप.

दोघं आत गेली. राखी भिंतीला टेकून बसली होती. चार महिन्यांत ती सासऱ्याशी कामापुरतंही बोलली नव्हती. तिने त्याच्या ओल्या हातांकडे पाहिलं, मग बाळाला दुपट्यात नीट गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं.

"घ्या, मामाजी," ती म्हणाली.

फकिराने हात मागे घेतले. "लिलाधर येऊ दे," तो म्हणाला. "त्याच्याजवळ दे आदी."

राखीने हात मागे घेतले नाहीत. ती तशीच बाळ धरून थांबली, आणि तो खाटेपासून दोन पावलांवर उभा राहून बाळाच्या तोंडाकडे पाहत राहिला.